मेथोट्रेक्सेट चालू असताना वनौषधी: आमवातात काय चालेल, काय टाळायचं, कसं मोजायचं

रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे वैद्य ज्याला आमवात म्हणून हाताळतात तो आजार, ज्या घरात आहे तिथल्या औषधाच्या डब्यात सहसा तीन गोष्टी सापडतात. आजाराला आवरणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी, आणि कुणीतरी सुचवलेलं चूर्ण, काढा किंवा पुडी. पहिल्या दोन डॉक्टरांना माहीत असतात. तिसरी त्यांना कुणी सांगत नाही, किती घेतली ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि यकृताचा रिपोर्ट बिघडला की दोष सरसकट मेथोट्रेक्सेटवर जातो.

वनौषधी घेऊच नका असं इथे म्हणायचं नाही. पण त्या जोड म्हणून घ्यायच्या, एका वेळी एकच घ्यायची, आणि मोजून घ्यायची. मूळ औषध बंद करून नाही.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

मराठीत सांध्याच्या प्रत्येक दुखण्याला संधिवात म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे गुडघ्याची झीज असलेल्या शेजाऱ्याचा उपाय आमवाताच्या रुग्णाला दिला जातो. झिजेत सांधा चालल्यावर, जिने चढल्यावर दुखतो आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलट: सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, बादलीची कडी धरवत नाही, आणि हे अर्धा-एक तास किंवा जास्त चालतं, हालचाल सुरू झाली की सैल होतं. बहुतेक वेळा दोन्ही हातांचे सारखेच सांधे धरतात: बोटांच्या मुळाचे, मधल्या पेराचे, मनगटाचे. बोटांच्या टोकाचे सांधे सहसा सुटतात.

चिकुनगुनियानंतरही महिनोन्‌महिने असंच दुखू शकतं, म्हणून ताप येऊन गेला होता का हे आठवून डॉक्टरांना सांगा. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासतात. यातली अँटी-सीसीपी जास्त नेमकी. आरए फॅक्टर इतर आजारांत आणि कधी निरोगी माणसातही वाढलेला असतो, तेवढ्यावरून घाबरायचं नाही आणि औषधही सुरू करायचं नाही.

निदान पक्कं झालं की एक गोष्ट घाईची आहे. हाडाच्या कडा कुरतडल्या जाण्याचं काम आजाराच्या पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होतं आणि कुरतडलेलं हाड परत भरत नाही. ‘तीन महिने काढा घेऊन बघू, नाही जमलं तर गोळ्या’ हा हिशेब इथेच चुकतो. दुखणं काढ्याने थोडं कमी होईलही, पण आत कुरतडणं चालूच राहील आणि ते एक्स-रेत दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल.

‘इम्युनिटी वाढवणारं’ असं लिहिलंय? ठेवून द्या

आमवात, ल्युपस, हाशिमोटो थायरॉइड, सोरायसिस या सगळ्यांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच पेशींवर चालून गेलेली असते, म्हणून यांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. सांध्याच्या आतलं अस्तर सुजवणारी तीच. मेथोट्रेक्सेट तिला आवरतं. आणि आपण सकाळी अनाशापोटी तिला जोर चढवणारा रस घेतो, याला काय म्हणावं!

यात सगळ्यात वरचं नाव गुळवेल, म्हणजेच गिलोय. कोविडच्या काळात घरोघरी कुंपणावरचा वेल तोडून काढा झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला सूज येऊन आले, आणि त्यांच्या यकृतातला बिघाड स्वयंप्रतिकार आजारासारखा दिसत होता. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घेतली गेली असावी अशी बाजू मांडली. वाद काही असो, ज्याला आधीच स्वयंप्रतिकार आजार आहे आणि यकृतावर भार टाकणारं औषध चालू आहे, त्याने या वादाचा निकाल स्वतःच्या पोटात लावू नये. गुळवेल, गुळवेल सत्त्व, संशमनी वटी (हीदेखील गुळवेलच) वैद्याने तुमचा आजार आणि चालू गोळ्या माहीत असूनही दिली असेल तरच, आणि यकृताच्या तपासणीसकट.

एकिनेशिया आणि स्पिरुलिना याच रांगेतल्या. ल्युपस असलेल्यांनी लसूणघासाचे मोड, बिया आणि गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात. परदेशी ‘ग्रीन’ पावडरीत ती अल्फाल्फा या नावाने मिसळलेली असते. आपण ती गुरांना घालतो म्हणून निरुपद्रवी, असं नाही.

हळद: कुठली, किती, कशी

वापरायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुका होणारी हीच.

आमवातात हळदीतल्या कुरकुमिनवर ज्या चाचण्या झाल्या त्या छोट्या आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५ रुग्णांत ५०० मिलिग्रॅम कुरकुमिनची तुलना डायक्लोफेनॅकशी केली आणि कुरकुमिनचा गट मागे पडला नाही. आशादायक आहे, पण ४५ माणसांवरून कुणी मेथोट्रेक्सेट सोडू नये. शिवाय डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध आहे, हाडाची कुरतड थांबवणारं नाही.

आता स्वयंपाकघराचा हिशेब. साध्या हळदीत कुरकुमिन साधारण ३ टक्क्यांच्या आसपास, चांगल्या जातीत ५–६ टक्के. विदर्भातल्या वायगावची हळद यासाठीच नावाजलेली. सपाट चमचाभर हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम, त्यात कुरकुमिन शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. चाचणीतला डोस आणि तुमच्या दुधातला डोस यांत एवढं अंतर आहे. ते अंतर चमचे वाढवून भरून काढायला जाऊ नका. पित्त, जुलाब आणि मूतखडा यापलीकडे काही हाती लागत नाही. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं, खड्याची सवय असलेल्या शरीराला ते पुरतं.

रोजचं प्रमाण: अर्धा सपाट चमचा, म्हणजे दीड ग्रॅम. जेवणात पडते ती वेगळी, तिचा विचार करू नका.

कृती अशी. एक कप दूध मंद आचेवर ठेवा. दूध चालत नसेल तर पाणी आणि वर अर्धा चमचा तूप, कारण कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्धता लागते. अर्धा चमचा हळद थोड्या गार दुधात कालवून मग कढत्या दुधात घाला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तीन ते पाच मिनिटं उकळी येऊ द्या. वरून नुसती भुरभुरवलेली हळद तळाशी बसते आणि पेल्यात राहते. दोन मिरे खलबत्त्यात फोडून घाला. गूळ-साखर नको, कारण स्टेरॉइड चालू असेल तर साखर आधीच वर असते. रात्री जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि हे दूध यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. हळद लोहाला धरून ठेवते, आणि आमवाताच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं नेहमीचंच.

मिऱ्याबद्दल दोन शब्द. मिऱ्यातलं पिपरिन कुरकुमिनचं शोषण वाढवतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढलं. तेव्हापासून प्रत्येक कॅप्सूलवर हा आकडा मिरवला जातो. पण पिपरिन फक्त कुरकुमिनचंच शोषण वाढवतं असं थोडंच आहे. यकृत जी औषधं मोडतं त्यांतल्या अनेकांचं प्रमाण ते वर नेऊ शकतं. फोडलेले दोन मिरे ठीक. पिपरिन घातलेलं ९५ टक्के कुरकुमिनचं कॅप्सूल मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड (आमवातातलंच दुसरं औषध) यांच्यासोबत स्वतःच्या मनाने नको. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यातले पाच रुग्णालयात दाखल झाले आणि एक दगावला. दहापैकी सात जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा त्रास लाखांत थोड्यांना होतो, पण ते थोडे कोण हे आधी कळत नाही.

खरेदी. सुट्टी, भडक पिवळी पावडर घेऊ नका. रंगासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचा प्रकार भारतीय उपखंडात सापडलेला आहे, आणि शिसं शरीरात साठत जातं. हळकुंड आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घ्या. पण हळकुंडही बिनपॉलिशचं बघा: खरबरीत, मळकट, साल थोडी राहिलेली. जे जास्त चकचकीत आणि हातात घेताच बोटं पिवळी करतं, त्यावर वरून रंग चढवलेला असू शकतो. सांगलीच्या बाजारातली राजापुरी घ्या की वसमतची, चकाकीला भुलू नका.

हळदीचं दूध कुणी टाळावं: पित्ताशयात खडे असलेले, मूतखड्याचे, वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले. भाजीतली हळद सगळ्यांना चालते.

सुंठ

सुंठेचं काम साधं आणि बऱ्यापैकी भरवशाचं. इराणमधल्या एका चाचणीत आमवाताच्या रुग्णांना रोज दीड ग्रॅम आल्याची पूड बारा आठवडे दिली तेव्हा रक्तातली सूज दाखवणारे काही आकडे उतरले. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी ज्यांना मळमळतं त्यांना त्याचाही उतारा मिळतो.

पाव चमचा सुंठ, म्हणजे अर्धा ग्रॅम, कोमट पाण्यातून जेवणाआधी दोन वेळा. आठवडाभर पोटाने साथ दिली तर तीन वेळा. छातीत जळजळ सुरू झाली की थांबा, विशेषतः वेदनाशामक गोळी चालू असेल तर, कारण त्या गोळ्यांनी जठराचं अस्तर आधीच नाजूक झालेलं असतं. विकतची सुंठ पांढरी शुभ्र असेल तर ती चुन्यात घोळलेली असते. करडी, रेषा दिसणारी घ्या आणि घरी कुटा. सहा महिन्यांपेक्षा जुनी पूड टाकून द्या, वास गेला की काम गेलं.

हळद आणि सुंठ एकाच दिवशी सुरू करू नका. का, ते मोजणीत कळेल.

सालई आणि गुग्गुळ

सातपुड्यात, मेळघाटात वाढणाऱ्या सालईचा डिंक म्हणजे शल्लकी. झिजेच्या दुखण्यात त्याला बरा आधार आहे. आमवातात नाही: १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ३७ रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला रोज ३,६०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिला आणि बिनऔषधाच्या गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. घ्यायचीच असेल तर पैसे वाया गेले यापलीकडे सहसा मोठं नुकसान नाही, पोट बिघडणं सोडून.

गुग्गुळ मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. अंगावर पुरळ येतो, थायरॉइडचे आकडे हलतात, आणि यकृतात औषधं मोडण्याचा वेग बदलल्यामुळे दुसऱ्या गोळ्यांचा असर कमीजास्त होतो. योगराज आणि महायोगराज ही नावं सारखी वाटतात म्हणून दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं तर घेऊ नका. महायोगराजात नाग म्हणजे शिसं, वंग म्हणजे कथील अशी भस्मं असतात.

शेक: इथे वेळ घालवा

तोंडाने घेण्याच्या सगळ्या औषधींपेक्षा सकाळच्या आखडण्यावर शेकाचा उपयोग लवकर कळतो, आणि यकृताशी त्याचा संबंध नाही. आयुर्वेदात आमवाताला कोरडा शेक सांगितलाय, सूज असताना तेल चोळायला मनाई आहे. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, सुजल्या बोटांना तेल लावून जोरात चोळतात. सुजलेलं अस्तर दाबून चोळलं की ते आणखी चिडतं. तेल लावायचं तर सूज उतरल्यावर, हलक्या हाताने, सांध्याभोवतीच्या स्नायूंना.

वाळूची पुरचुंडी. नदीची वाळू चाळून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, उन्हात पूर्ण वाळवा. ओल राहिली तर तव्यावर वाफ धरते आणि त्या वाफेने चटका बसतो. जुन्या सुती धोतराचे किंवा पंचाचे दुहेरी तुकडे घ्या. टेरिकॉट किंवा कुठलंही कृत्रिम कापड नको, ते तव्यावर वितळून चिकटतं. प्रत्येकी ३०० ग्रॅम वाळूच्या दोन पुरचुंड्या बांधा, म्हणजे एक शेकत असताना दुसरी तापते. वाळू आधी कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत गरम करा, मग बांधा. पुढच्या वेळी पुरचुंडी तव्यावरच फिरवून तापवता येते.

शेकण्याआधी पुरचुंडी मनगटाच्या आतल्या बाजूला पाच आकडे मोजेपर्यंत धरा. सोसली तरच सांध्यावर. ठेवून द्यायची नाही. टेकवायची, उचलायची, सरकवायची. एका हाताला दहा मिनिटं पुरतात. शेकल्याबरोबर मूठ हळू वळा, उघडा, दहा वेळा. बोटं फाकवा, मिटवा, दहा वेळा. शेकून नुसतं बसलात तर अर्ध्या तासात पहिल्यासारखं होतं. वाळू मिळत नसेल तर जाडं मीठ चालतं, पण पावसाळ्यात ते ओल धरतं.

निरगुडी. कोकणात आणि घाटावर बांधाला सहज मिळते. ताज्या पाल्याच्या दोन मुठी एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, कोपर बुडवून बघता येईल इतपत निवू द्या, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून पाण्यातच मूठ उघडझाप करा. दहा ते पंधरा मिनिटं. पाला तव्यावर तेलाशिवाय कोमेजेपर्यंत परतून फडक्यात बांधून गुडघ्यावर ठेवला तरी चालतो. त्वचेला खाज सुटली तर पुन्हा नको.

शेक कधी नाही: सांधा लाल आणि हाताला गरम लागत असेल तेव्हा. त्या वेळी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पायाला शेक देऊच नये, चटका बसल्याचं दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळतं. बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची कातडी कागदासारखी होते. त्यांनी पुरचुंडीपेक्षा कोमट पाणी पसंत करावं. आणि एकच सांधा अचानक टम्म सुजून ताप आला, तर शेक, लेप सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

मोजणी

कुठलंही झाडपाल्याचं औषध सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती वही भरा. रोज सकाळी तीन आकडे: आखडणं किती मिनिटं टिकलं, किती सांधे दाबल्यावर दुखतात, वेदनाशामकाच्या किती गोळ्या लागल्या. सांधे मोजायची डॉक्टरांची पद्धत घरीही वापरता येते. एकूण २८ सांधे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, हाताच्या बोटांच्या मुळाचे दहा आणि त्यापुढच्या पेराचे दहा. पायाची बोटं यात नाहीत. तिथे दुखत असेल तर वेगळं लिहा. अंगठ्याने एवढंच दाबा की दाबणारं नख किंचित पांढरं होईल. रोज त्याच माणसाने दाबावं. आज अहो दाबणार आणि उद्या सूनबाई, असं झालं तर आकडे जुळत नाहीत.

सुरू करण्याआधी रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी-एसजीओटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), ईएसआर आणि सीआरपी (सूज किती ते दाखवणारे). मेथोट्रेक्सेटसाठी दोन-तीन महिन्यांनी यातल्या बहुतेक तपासण्या होतातच, त्यांच्याशी तारीख जुळवा म्हणजे जादा खर्च नाही. औषधी सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात फक्त यकृताच्या तपासण्या पुन्हा. बाराव्या आठवड्यात सगळ्या.

मेथोट्रेक्सेट सुरू केलं किंवा डोस वाढवला की त्याचा असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. लोक दुसऱ्या आठवड्यात कंटाळून काढा सुरू करतात, आठव्या आठवड्यात बरं वाटतं, आणि श्रेय काढ्याला जातं. मग गोळी सुटते. तीन महिन्यांनी सांधे पुन्हा पेटतात तेव्हा ‘काढ्याचा असर संपला’ असं वाटतं. म्हणून गोळीचा डोस बदलल्यावर तीन महिने नवी औषधी नको, आणि एका वेळी दोन नव्या औषधी कधीच नकोत.

बारा आठवड्यांनी निकाल. संशोधनात सुधारणेची सगळ्यात खालची पायरी २० टक्के धरतात, म्हणजे दहा दुखरे सांधे आठवर यायला हवेत, आणि त्यासोबत सकाळचं आखडणं किंवा सीआरपीही उतरायला हवं. त्याहून कमी असेल तर औषधी बंद करा.

एवढी कडक मोजणी कशाला, असं वाटेल. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण आमवाताच्या १८२ रुग्णांत सोळा आठवडे तपासलं. २००० मध्ये ते प्रसिद्ध झालं. मिश्रण घेणाऱ्यांना बरं वाटलं, पण बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांनाही इतकं बरं वाटलं की बहुतेक मापांत दोघांतला फरक ठळक राहिला नाही. हा आजार आपोआप चढतो-उतरतो आणि माणूस औषध शोधायला जातो ते चढावर असताना.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. कोईमतूरमध्ये ४३ रुग्णांवर ३६ आठवडे झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला वैद्यांनी प्रकृती बघून दिलेली आयुर्वेदिक औषधं, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही दिलं, आणि तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले. चाचणी छोटी आहे. पण तिथे प्रत्येकाला तज्ज्ञ वैद्याने तपासून, वेगवेगळी औषधं ठरवून, रक्त तपासत दिली होती. बाजारातून आणलेल्या एका डबीशी त्याची तुलना होत नाही.

दोन दिवसांत गुण देणारी पुडी

गावोगावी ‘संधिवाताची जडीबुटी’ म्हणून पुड्या किंवा बिननावाच्या काळ्या गोळ्या मिळतात. कुठलंही झाडपाल्याचं औषध आमवातात अठ्ठेचाळीस तासांत सूज उतरवत नाही. उतरली, तर त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कुटून घातलेलं असण्याची शक्यता मोठी.

खुणा: भूक एकदम वाढते, महिना-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी, वजन वर, साखर आणि रक्तदाब वर, जरा लागलं तरी काळंनिळं. वेष्टनावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक आणि बॅच क्रमांक नाही.

अशी पुडी महिनाभर किंवा जास्त घेतली असेल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी इथपर्यंत जातं. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल तपासून घ्या, आणि डोस पायरीपायरीने उतरवू द्या.

काढे, आसवं, भस्मं, एरंडेल

नावात ‘रस’, ‘सिंदूर’, ‘भस्म’ असेल किंवा घटकांत पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला, नाग दिसेल तर ते धातू-खनिजांचं औषध आहे. अशा विषारी घटकांच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. वेष्टन उलटून बघा. २००८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तपासणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिशाने पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि हे सगळं आमवाताच्या खात्यावर मांडलं जातं. वर्ष-दोन वर्षं अशी औषधं झाली असतील तर रक्तातलं शिसं एकदा तपासा.

आसव आणि अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बहुधा ५ ते १० टक्के. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाला आपण दारू वर्ज्य सांगतो, मग रोज दोन वेळा चार-चार चमचे अश्वगंधारिष्ट कशाला? काढाच हवा तर भरडीचा, घरी उकळलेला.

एरंडेल हे आमवातातलं जुनं आणि नावाजलेलं औषध, बहुधा सुंठेच्या काढ्यातून. मेथोट्रेक्सेट नव्हतं तेव्हा त्यात अडचण नव्हती. आता आहे: मेथोट्रेक्सेट लघवीवाटे बाहेर पडतं, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंड मंदावतं आणि गोळी रक्तात साठते. तोंड येणं, पांढऱ्या पेशी उतरणं, ताप असा क्रम लागतो. म्हणून घरच्या घरी रेच, पंचकर्म शिबिरातलं विरेचन, निर्जळी उपास, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस तरी नकोत. सोनामुखी आणि कोरफडीच्या पिवळ्या चिकाचंही तेच. आणि जुलाब कशानेही लागले तरी त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे पाकिटावर वाराच्या नावासकट ठळक लिहा. चूर्णाच्या डबीशेजारी ठेवलेली ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

अश्वगंधा आणि थायरॉइड

आमवाताच्या जोडीला हाशिमोटो, म्हणजे थायरॉइड मंदावणारा आजार, असलेल्या बायका बऱ्याच. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. थायरॉक्सिनची गोळी चालू असताना ती घेतली तर छातीत धडधड, झोप उडणं, वजन उतरणं दिसतं आणि टीएसएच खाली जातो. ग्रेव्हजचा आजार, म्हणजे थायरॉइड जास्त चालणारा, असेल तर अजिबात नको. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही आहेत.

लगेच थांबायची लक्षणं

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगभर खाज, जेवणाची वासना मरणं: सगळी वनौषधी बंद, दुसऱ्या दिवशी यकृताची तपासणी. कोरडा खोकला आणि दम, किंवा तोंडात फोड आणि ताप: हे मेथोट्रेक्सेटचं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. डबी सोबत न्या. नुसतं ‘काहीतरी आयुर्वेदिक’ असं सांगून त्यांना काही कळत नाही.

मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट साधारण तीन महिने आधी थांबवावं लागतं, तेही डॉक्टरांनी पर्यायी औषध लावून. त्या काळात ‘आता गोळी नाही, मग काढा घेऊ’ म्हणून गुग्गुळ किंवा अश्वगंधा सुरू करू नका, दोन्ही गरोदरपणात वर्ज्य आहेत. स्वयंपाकातली हळद आणि आलं चालतं. गुडघा बदलण्याची किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली असेल तर हळदीच्या गोळ्या आणि औषधी प्रमाणातली सुंठ दोन आठवडे आधी थांबवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन्हींची नावं लिहून द्या.